उष्माघाताच्या नोंदीत जातीचा रकाना नाही

दरवर्षी मार्च उजाडला की सरकारी सूचना सुरू होतात. दुपारी बारा ते तीन उन्हात जाऊ नका. तहान नसली तरी पाणी पीत राहा. सैल, सुती, फिकट रंगाचे कपडे घाला. डोके झाका. चक्कर आली तर लगेच सावलीत जा. यातली एकही सूचना वैद्यकशास्त्राला सोडून नाही. तरीही त्या वाचताना मला दरवेळी वाटते, की लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक माणूस आहे. बारा ते तीन कुठे असायचे हे ज्याला स्वतः ठरवता येते, पाणी ज्याच्या हाताशी आहे आणि अंगावर काय घालायचे हे ज्याला कंत्राटदार सांगत नाही, असा माणूस. भारतात तो बहुतेक वेळा कोणत्या घरात जन्मलेला असतो, हे या स्तंभाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

हवामान बदल आणि आरोग्य या विषयावर आता आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. डासांचा मोसम लांबला की डेंग्यू पसरतो, पुरानंतर कावीळ आणि गॅस्ट्रो येतो, पीक बुडाले की ताटातले अन्न कमी होते. हे सगळे खरे आहे आणि प्रत्येकावर स्वतंत्र लिहावे लागेल. मी इथे फक्त उष्णतेबद्दल लिहितो आहे. हवामान विभागाच्या देशभराच्या तापमानाच्या नोंदी १९०१ पासूनच्या आहेत आणि त्यांत २०२४ हे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. या विषयावरच्या परिसंवादांत एक वाक्य हमखास ऐकू येते: हवामान बदल जात बघत नाही, हे सगळ्या मानवजातीवरचे संकट आहे. सूर्य जात बघत नाही, हे मान्य. पण त्याच्याखाली कोणी उभे राहायचे, किती वेळ आणि किती मजुरीवर, हे सूर्य ठरवत नाही.

आधी शरीराचे साधे गणित पाहू. आपल्या शरीराचे आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावे लागते. राबणारे स्नायू उष्णता तयार करतात, रक्त ती कातडीपर्यंत आणते आणि घाम वाळताना ती बाहेर पडते. हवा दमट असेल तर घाम नुसता निथळतो, वाळत नाही. मग पारा चाळिशीच्या खाली असला तरी माणूस दगावू शकतो. रक्त कातडीकडे वळले की हृदयावर ताण येतो आणि मूत्रपिंडाला रक्त कमी पडते. आतले तापमान ४० अंशांच्या वर गेले आणि माणूस बरळू लागला, की तो उष्माघात. त्यानंतर शरीर थंड करायला हाताशी मिनिटेच असतात. हे टाळायला काही मोठे तंत्रज्ञान लागत नाही. पाणी लागते, सावली लागते आणि थांबण्याची मुभा लागते. या देशात नेमक्या याच तीन गोष्टींची वाटणी हवामान बदल हा शब्द जन्माला येण्याच्या कितीतरी शतके आधी होऊन गेली आहे.

माझी आत्या विदर्भातल्या एका नगरपरिषदेत कंत्राटी झाडूवाली होती. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो. पहाटे पाचला हजेरी, सुटका दुपारी एकला. घरून निघताना ती अर्धा कप चहा घ्यायची आणि परत येईपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घालायची नाही. आम्ही विचारले की म्हणायची, "पानी पेलं त मंग जाऊ कोठी?" त्या अख्ख्या रस्त्यावर बाईमाणसाला आडोशाला जाण्यासारखी जागा नव्हती. ज्या घरांसमोरचा रस्ता ती झाडायची, त्या प्रत्येक घरात संडास होता, पण तो तिच्यासाठी नव्हता. तहान अगदीच सोसवेना झाली तर काही घरांतून पाणी मिळायचे, ओंजळीत, वरून धार धरून. एका घरी तिच्यासाठी कुंपणाच्या खिळ्याला प्लास्टिकची वेगळी बाटली टांगलेली असायची. त्या घरच्या बाई मनाने वाईट नव्हत्या, असे आत्या आजही म्हणते. मी त्यावर वाद घालत नाही. तिला लघवीची जळजळ कायमची जडली, पुढे मुतखडा निघाला. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहून दिले: भरपूर पाणी पिणे.

ही एका घरातली गोष्ट नाही, म्हणून सांगितली. चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेतील संशोधकांनी तामिळनाडूतल्या सात मिठागरांमधल्या ३५२ कामगारांची तपासणी केली होती. दहातले नऊ जण सुरक्षित मर्यादेपेक्षा जास्त उष्णतेत काम करत होते आणि सुमारे ७ टक्के लोकांच्या मूत्रपिंडांचे काम मंदावलेले होते. मध्य अमेरिकेत ऊस तोडणाऱ्या मजुरांमध्ये मूत्रपिंडाच्या आजाराची साथच आहे. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरणीताठी माणसे डायलिसिसवर जातात. उन्हातले अतिश्रम आणि वारंवार कोरडे पडणारे शरीर यांच्याकडे तिथले अभ्यासक बोट दाखवतात. आपल्याकडे मिठागरात, वीटभट्टीवर, रस्त्याच्या डांबरीकरणावर राबणाऱ्या बाया दिवसभर पाणी का पीत नाहीत, हे कोणत्याही गावच्या आशाताईला विचारा. ती सांगेल. सरकारच्या सूचनापत्रात मात्र 'तहान नसली तरी पाणी प्या' एवढेच राहते.

पाण्याचा प्रश्न शौचालयावर संपत नाही. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात देशातल्या २७ टक्के कुटुंबांनी आपण कोणत्या ना कोणत्या रूपात अस्पृश्यता पाळतो हे स्वतःच्या तोंडाने मान्य केले. कबूल न करणारे किती असतील, ते वाचकांनी ठरवावे. ऑगस्ट २०२२ मध्ये राजस्थानच्या जालोर जिल्ह्यातला ९ वर्षांचा एक दलित विद्यार्थी मरण पावला. शाळेतल्या पाण्याच्या मडक्याला हात लावला म्हणून शिक्षकाने मारहाण केली, असा त्याच्या घरच्यांचा आरोप होता. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाचे ते दिवस. जिथे मडक्यावरून हा प्रश्न उभा राहतो, तिथे उष्णतेच्या लाटेत पाणपोया वाढवा असे सांगणारा आराखडा अर्धाच आहे. पाणपोई कोणत्या आळीत, भांडे कोणाच्या हातात, हे त्यात लिहिलेले नसते.

इतिहासात याचा धडा आहेच. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ओंजळभर पाणी मात्र २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांच्या पाठोपाठ हजारो लोक चालत गेले तेव्हाच घेता आले, आणि त्या पाण्याची किंमत त्यांनी त्याच दिवशी डोकी फोडून घेऊन दिली. ठराव आणि पाणी यांच्यात किती अंतर असते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार?

आता थांबण्याची मुभा. उन्हात काम करणाऱ्या माणसाने दर तासाला काही मिनिटे सावलीत बसावे, हे शास्त्र सांगते. पण वीटभट्टीवर मजुरी हजार विटांवर असते, उसाच्या फडात टनावर. बसलेल्या मिनिटाचे पैसे नाहीत. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, एक दिवस चुकला की खाडा लागतो, म्हणजे मजुरी तर जातेच आणि वर दंड भरावा लागतो. दुष्काळ पडला की उचल वाढते, उचल वाढली की शरीर गहाण पडते. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यातल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, हे त्यामागचे एक कारण बायकांनी स्वतः सांगितले आहे. ऊसतोडीत अनेक जातींचे लोक आहेत, वंजारी, बंजारा, दलित, मराठाही. पण हवामानाचा फटका पावसाच्या तुटीपासून बाईच्या पोटापर्यंत कसा पोचतो, याचे याहून उघडे उदाहरण मला माहीत नाही.

इथे कोणी म्हणेल, हा तर गरिबीचा प्रश्न झाला, यात जात कुठे आली? हा आक्षेप आपल्या पुरोगामी मित्रांकडून जास्त येतो. २०२५ साली 'डेमोग्राफी' या नियतकालिकात भारतीय संशोधकांचा एक निबंध आला. त्यांनी देशाच्या श्रमबल सर्वेक्षणाची आकडेवारी आणि उपग्रहाने टिपलेले तापमान एकत्र ठेवून पाहिले. कामाच्या तासांत उष्णतेचा मारा कोणाला किती बसतो याचा जातीशी संबंध आहे, दलित आणि आदिवासी कामगारांच्या वाट्याला तो अधिक येतो, असे त्यांना दिसले. आपल्याला हे आधीच माहीत होते, हे खरे. पण नियतकालिकात छापून येईपर्यंत आपले माहीत असणे हे गाऱ्हाणे समजले जाते.

गटारांचेच पाहा. केंद्राच्या 'नमस्ते' योजनेत गटार आणि सेप्टिक टाकी साफ करणाऱ्या ३८,००० कामगारांची नोंद झाली, तेव्हा २०२४ साली बाहेर आलेल्या आकडेवारीनुसार त्यातले सुमारे ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी होते. एकट्या अनुसूचित जातींचा वाटा जवळपास ६९ टक्के. संसदेत सरकारनेच सांगितले आहे, की २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे आणि टाक्या साफ करताना किमान ३७७ माणसे मेली. २०१३ चा कायदा असताना. आता यात उष्णता कुठे आली? मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, आणि पाणी जितके गरम तितके हे कुजणे जोरात चालते. म्हणजे तापणाऱ्या शहरातली बंद टाकी अधिक विषारी होत जाते. शिवाय संरक्षणाची साधने म्हणून मिळाले तर मिळतात ते रबरी बूट, जाड हातमोजे, प्लास्टिकचा चमकणारा जॅकेट. मे महिन्यात ते अंगावर चढवले की घाम वाळायचा मार्गच बंद. वायूपासून वाचायचे तर उष्णतेने शिजायचे. हे कपडे ज्यांनी निवडले, त्यांनी ते दहा मिनिटे तरी उन्हात घालून पाहिलेत का, हे विचारायला हवे. एखाद्या आराखड्यात गटारकामासाठी उन्हाळ्याचे वेगळे नियम असतील तर मला ते पाहायला आवडतील.

सावलीबद्दल फार लिहीत नाही. गावकुसाबाहेरची जागा, पत्र्याचे छत, खिडकी नसलेली खोली हे सगळ्यांनी पाहिलेले आहे. दिवसभर तापलेला पत्रा रात्री खोलीतच उष्णता सोडतो आणि राबून आलेल्या शरीराला सावरायला मिळणारी रात्रही जाते. शेजारच्या इमारतीतल्या एसीचा गरम वारा त्याच गल्लीत पडतो, जिथून सकाळी कचऱ्याची गाडी ढकलायची असते. सावलीचे राजकारण एका दृश्यात पाहायचे असेल तर १६ एप्रिल २०२३ चे खारघरचे मैदान आठवा. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सरकारी सोहळा, मान्यवर छताखाली, लाखोंचा समुदाय उघड्यावर. जवळच्या केंद्रावर त्या दिवशी ३८ अंशांची नोंद झाली. १४ माणसे गेली. त्यांच्या जातींचा अंदाज मी करणार नाही. कारण ती नोंदच झालेली नाही, आणि माझे म्हणणे तिथूनच सुरू होते.

उष्णतेने भारतात किती माणसे मरतात? एनसीआरबी एक आकडा देते, हवामान विभाग दुसरा, आरोग्य खाते तिसरा. आरोग्य खात्याच्या हिशेबाने १ मार्च ते १८ जून २०२४ या काळात देशभरात उष्माघाताचे ४०,००० हून अधिक संशयित रुग्ण होते आणि खात्री झालेले मृत्यू ११०. आता याच उन्हाळ्यातली दोन उदाहरणे. १ जून २०२४ रोजी, लोकसभेच्या शेवटच्या टप्प्याच्या मतदानादिवशी, एकट्या उत्तर प्रदेशात निवडणुकीच्या कामावरचे ३३ जण उष्णतेने दगावल्याचे तिथल्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितले. त्यांत होमगार्ड होते, सफाई कामगार होते. आणि ११ ते १९ जून या नऊ दिवसांत दिल्लीत १९२ बेघर माणसे मेल्याचे 'सेंटर फॉर होलिस्टिक डेव्हलपमेंट' या संस्थेने म्हटले. एका राज्यात एका दिवशी ३३, एका शहरात नऊ दिवसांत १९२, आणि साऱ्या देशात साडेतीन महिन्यांत ११०. हे गणित जुळत नाही, कारण खात्री होण्यासाठी माणसाला आधी दवाखान्यात पोचावे लागते, तिथे कोणीतरी तापमान मोजावे लागते आणि मग कागदावर ते कारण लिहावे लागते. भारतात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी जेमतेम २२-२३ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले असते. बाकीचे 'हार्ट अटॅक', 'ताप', 'अचानक' असे जातात. बेघराचा मृतदेह तर बेवारस म्हणून जातो.

जे मोजले जातात, त्यांचे तरी काय लिहितात? एनसीआरबी उष्माघाताच्या मृत्यूंची वर्गवारी वय आणि लिंग यांनुसार देते. जात नाही. आणि हीच एनसीआरबी तुरुंगांचा वार्षिक अहवाल काढते, तेव्हा कैद्यांमध्ये अनुसूचित जातीचे किती, जमातीचे किती, ओबीसी किती, हे व्यवस्थित तक्ते करून छापते. आमचा माणूस आत टाकला की त्याची जात ठाऊक असते, उन्हाने मेला की तो नुसता 'पुरुष, ४५ ते ६०' होतो.

अहमदाबादचे उदाहरण नेहमी दिले जाते आणि ते द्यायलाच हवे. मे २०१० च्या लाटेत त्या शहरात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचा अंदाज संशोधकांनी काढला. दवाखान्याच्या नोंदींची वाट न पाहता एकूण मृत्यू मोजले, म्हणून हा आकडा दिसला. त्यातून २०१३ साली तिथे दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा आला. मोजले, म्हणून आराखडा आला. पुढे देशभर असे आराखडे झाले. त्यातल्या ३७ आराखड्यांचा सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चने २०२३ मध्ये आढावा घेतला, तेव्हा धोका नेमका कोणाला आणि कुठे आहे याची पाहणी केलेले त्यांना फक्त २ सापडले. बाकीच्यांत ठरलेली यादी: वृद्ध, लहान मुले, गरोदर महिला, उघड्यावर काम करणारे. उघड्यावर काम करणारे कोण, हे लिहिले की जात लिहावी लागते. म्हणून तिथेच पूर्णविराम.

कायद्याचेही तसेच. १९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात उन्हाळ्यात थंड पाणी देणे बंधनकारक केले. चांगलीच तरतूद होती. पण ती छताखालच्या कामगारासाठी. रस्ता हा कारखाना नाही, गटार नाही, उसाचा फड नाही. पंधराव्या वित्त आयोगाने राष्ट्रीय आपत्तींच्या यादीत भर घालण्याची राज्यांची मागणी मान्य केली नाही, त्यामुळे मेलेल्याच्या घरच्यांना भरपाई मिळणे राज्याच्या मर्जीवर राहिले. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा अनुच्छेद १४ आणि २१ खालचा हक्क असल्याचे सांगितले. खटला माळढोक पक्षी आणि विजेच्या तारांचा होता. पक्ष्याबद्दल माझी तक्रार नाही. पण अनुच्छेद १४ म्हणजे समानता, आणि ती तपासायची तर कोण किती तापतो याचा जातवार हिशेब न्यायालयापुढे ठेवावा लागेल. तो आज कोणाकडेच नाही.

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्राने जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय जाहीर केला. आपल्या चळवळीचा तो विजय आहे. पण जनगणना जिवंत माणसांची असते. मृत्यूनोंदणीच्या अर्जात धर्म विचारतात, व्यवसाय विचारतात. तिथे जातीचा एक रकाना वाढवायला घटनादुरुस्ती लागत नाही, नमुना बदलावा लागतो. तो बदलेपर्यंत थांबायचीही गरज नाही. पुढचा उन्हाळा येण्याआधी आपापल्या नगरपरिषदेत, महानगरपालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. कायम आणि कंत्राटी मिळून सफाई कामगार किती, त्यांत कोणत्या प्रवर्गाचे किती. एप्रिल-मे मध्ये त्यांची हजेरी कधी आणि सुटी कधी. उष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवशी काम थांबवल्यास त्या तासांची मजुरी मिळते का, आणि ती कंत्राटात लिहिलेली आहे का. प्रत्येक प्रभागात महिला कामगारांना वापरता येईल असे शौचालय कुठे आहे, त्याची चावी कोणाकडे असते. गेल्या तीन उन्हाळ्यांत कामावर किंवा कामावरून परतल्यावर किती कामगार मेले आणि त्यांच्या दाखल्यावर मृत्यूचे कारण काय लिहिले आहे. उत्तरे आली की गावाचे नाव घालून इथे पाठवा. 'माहिती उपलब्ध नाही' असे उत्तर आले, तर तेही पाठवा.